बंद फ्रिजचा उन्हाळा

परवा कूलर माळ्यावरून खाली काढला. मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तो अंगणात ठेवून त्याच्यावर पाण्याचा पाइप धरला. वर्षभराची धूळ काळ्या ओघळांनी खाली गेली आणि मी जाळ्यांत नवं गवत भरलं. या गवताला पहिलं पाणी लागलं की एक वास सुटतो, ओल्या लाकडाचा, थोडा औषधी, थोडा कुजका. दुसरीकडचे लोक मोगऱ्याच्या वासाने उन्हाळा ओळखत असतील, आमच्या रिसोडात तो या वासाने ओळखतात. लहानपणी मला तो फार आवडायचा. आता तो नाकात गेला की माझं डोकं फिरतं. मी पंप चालू केला, बाजूला झाले आणि मिलिंदवर उगाचच ओरडले.

तो पाइप गुंडाळून बाजूला झाला. कारण त्याला माहीत आहे. एका उन्हाळ्यात आमच्या घरात एकच प्रश्न होता, सासूबाईंचा उजवा पाय राहतो की जातो. ऊन, आंबे, लाइटचं बिल, पाहुणे, सगळं त्या पायाभोवती फिरत होतं. त्यानंतर दरवर्षी उन्हाळा येतो, कूलर खाली येतो, गवत भिजतं, आणि मला तो एकच उन्हाळा पुन्हा पुन्हा येतोय असं वाटतं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हाच मला कळलं होतं की इथे दोन राज्यं आहेत. गॅस सासूबाईंचा आणि लाइट बाबांचा. बाबा म्हणजे माझे सासरे, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. दोघांचं एकमेकांशी फारसं जमायचं नाही, पण बचतीच्या बाबतीत दोघं एका आईची लेकरं शोभतील अशी. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही ही म्हण लोक बोलण्यात वापरतात. आमच्या घरात ती अमलात होती, आणि चमडी कुणाची हे मात्र आधी ठरलेलं नसायचं.

सासूबाईंची गॅसची कला बघण्यासारखी होती, हे मी आजही मान्य करते. तुरीची डाळ सकाळीच भिजायची. कुकरची शिटी होण्याआधीच्या त्या फुसफुशीवर त्यांचा कान असायचा. शिटी झाली रे झाली की गॅस बंद, पुढचं काम डाळीने आपल्या आतल्या गरमीवर करायचं. आंघोळीचं पाणी मागच्या दारी तुराट्यांच्या चुलीवर. आणि भाकरी करताना शेवटची भाकर तव्यावर टाकली की खालची आच बंद. तवा तापलेला असतो, तो भाजतो की तेवढं, असं त्यांचं म्हणणं. तवा काही तेवढं भाजत नाही. ती शेवटची भाकर मधे पांढरी आणि चिकट राहायची, आणि ती कुणी खायची हे कधी कुणी बोलून ठरवलं नव्हतं. पाटीत सगळ्यात वर तीच असायची, सगळे ती सारून खालची घ्यायचे, आणि सगळ्यांत शेवटी जेवायला मीच बसायचे. वर्षानुवर्षं मी त्या घरातली अर्धीकच्ची भाकर खाल्ली आहे. दात आवळून खाल्ली आहे.

काटकसर करणारा माणूस स्वतःच्या अंगातून काटकसर काढत नाही. तो ती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या अंगातून काढतो. हे मी तेव्हा शिकले, शाळेत पोरांना बचतीचं महत्त्व शिकवता शिकवता.

बाबांचं मात्र थोडं वेगळं होतं. त्यांचं बालपण रिठदला गेलं. वस्तीत लाइट आला तेव्हा त्यांच्या वडिलांनी दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला भोक पाडून त्यात एकच बल्ब बसवला होता. अर्धा उजेड चुलीकडे, अर्धा पुस्तकाकडे. त्या अर्ध्या बल्बावर हा माणूस शिकला, नोकरीला लागला, रिसोडला पक्कं घर बांधलं. त्यामुळे रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की त्यांना खरोखर शारीरिक त्रास व्हायचा, कुणी जेवणाचं ताट लाथाडावं तसा. वर्षातून एकदाच त्यांचा हात सैल सुटायचा, जयंतीला. त्या दिवशी गच्चीपासून फाटकापर्यंत निळ्या दिव्यांच्या माळा लागायच्या आणि रात्रभर जळायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी माळा पेटीत. मला ते आवडायचं, बाबांचं हे एवढंच मला मनापासून आवडायचं.

त्या वर्षी आमच्या गल्लीतली मीटर बदलली. जुनं चकती फिरणारं मीटर गेलं, त्याच्या जागी लाल ठिपका लुकलुकणारं नवं आलं, आणि पुढचं बिल मोबाइलवर आलं ते वाचून बाबा खुर्चीत बसले ते जेवायला उठेनात. मीटर खरं की खोटं, मला माहीत नाही. सगळी गल्ली तेव्हा ओरडत होती. बाबा ओरडले नाहीत. ते दुसऱ्या दिवसापासून मीटरखाली उभे राहू लागले. चष्मा कपाळावर, मान वर. मिक्सर लावला की ठिपका किती भरभर लुकलुकतो, कूलर लावला की किती, सगळे दिवे घालवले तरी तो थांबत का नाही. सगळं बंद असूनही ठिपका लुकलुकतो म्हणजे घरात कुणीतरी चोरून वीज खातंय, असं त्यांना वाटायचं. तो चोर त्यांना शेवटी सापडला. मधल्या खोलीतला फ्रिज.

मी हे सगळं तेव्हा पाहिलं नाही. एप्रिलात आमची सकाळची शाळा असते. मी रिठदच्या शाळेत शिकवते. पहाटे निघायचं, आणि उन्हं डोक्यावर आली की जीपने परत. जीपची सीट तापलेली, दांडीला हात लावायची सोय नाही, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेल्या बायका आणि प्रत्येकीच्या पर्समध्ये लू लागू नये म्हणून एक कांदा. दोन्ही बाजूला नांगरून पडलेली काळी रानं, पाय आत जाईल एवढ्या भेगा. रिसोडच्या बाजारपेठेत दुपारी कुत्रं नसतं. घरी यायचं, माठातलं पाणी प्यायचं, जेवायचं आणि पुढच्या खोलीत जाऊन आडवं व्हायचं. दुपारी कूलर फक्त त्या एका खोलीत चालायचा, म्हणून सगळ्यांनी तिथेच निजायचं, दार लावून. मधल्या खोलीत जायचं कुणाला काम नसायचं. फ्रिजचं पाणी घशाला वाईट म्हणून ते या घरात कुणी पीतच नव्हतं.

सासूबाईंना साखरेचा आजार जुना. गोळ्या पुरेनाशा झाल्या तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन लावलं होतं. सुई बाबा टोचायचे, सकाळ-संध्याकाळ. बाटली उजेडात धरून सिरिंजच्या रेघेपर्यंत औषध ओढायचे, हवेचा बुडबुडा टिचकीने वर घालवायचे, कापसाने पोटाची जागा पुसायचे. कचेरीत शिक्का मारावा तितक्या नेमाने. एक दिवस चुकवला नाही. हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की या माणसाला बायकोची पर्वा नव्हती.

पायाचं सुरू झालं गच्चीवर. सासूबाईंनी कुठल्याशा योजनेत मिळालेली सूर्यचूल गच्चीवर ठेवली होती. काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा, आत डबे. सकाळी तांदूळ लावला की दुपारी भात, गॅस शून्य. त्या भाताला पेटीच्या रंगाचा वास यायचा, पण त्यांना त्याचं इतकं कौतुक होतं की गल्लीतल्या बायकांना जिना चढवून दाखवायच्या. तर एका दुपारी त्या डबा आणायला वर गेल्या. चप्पल खाली जिन्यात राहिली. स्लॅब असा तापलेला की त्यावर पाणी टाकलं तर चर्र व्हावं, आणि ही बाई त्याच्यावर उभी राहून आरशाचा कोन नीट करत होती. पायाला काही कळलं नाही. साखरेने तळव्यांची जाणीव कधीच खाल्ली होती. संध्याकाळी अंगठ्याखाली फोड दिसला, मग तो फुटला, मग तिथे जखम झाली, आणि ती भरेना.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. साखर खाली आली तर जखम भरेल, नाही आली तर विष वर चढेल आणि पाय काढावा लागेल. मग त्यांनी विचारलं, इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवता ना? बाबा म्हणाले, फ्रिजमध्येच. ते खरंच होतं. सुया चुकत नाहीत ना? नाही. तेही खरंच. मग गोड वगैरे काही? डॉक्टरांनी हे विचारलं आणि आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, वळून सासूबाईंकडे पाहिलं.

डोस वाढला. साखर उतरेना. रोज सकाळी बोट टोचून त्या छोट्या मशीनवर आकडा बघायचा, आणि तो आकडा बघून आमची तोंडं त्यांच्याकडे वळायची. शाळेत एखाद्या पोराचा पेपर वाचून त्याच्याकडे बघावं तसं. त्यात घर आंब्याने घमघमत होतं. केनवडहून माझी नणंद सुजाता दरवर्षी शेतातले गावरान आंबे पाठवते. ते पिकायला घालतात त्याला आमच्याकडे माच म्हणतात; कुटारात, म्हणजे भुशात, आंबे दाबून वर पोतं. माच घालायला थंड, अंधारी जागा लागते, आणि ती घरात एकच होती, पुढच्या खोलीत सासूबाईंच्या पलंगाखाली. म्हणजे विचार करा. ज्या बाईला आंबा वर्ज्य, ती पाय उशीवर ठेवून वर पडलेली, आणि तिच्या पाठीखाली आंबे पिकताहेत. दुसरीकडे हलवावेत असं कुणालाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी हलवले असते का, शंका आहे.

माचातले आंबे कमी झाल्यासारखे वाटू लागले. आमची मुलं खायची, उंदीर नासायचे, पण संशय वर पलंगावर. बाबांनी आधी समजावून पाहिलं, मग खेकसले, मग ते माच सकाळी स्वतः उघडून बघू लागले. सासूबाई आधी भांडल्या, शिव्यासुद्धा दिल्या. आपण कुणाच्या घरची चोरटी नाही, असं त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं. ज्या बाईने मला वर्षानुवर्षं तव्यावरचा उरलेला जाळ मोजून वाढला, तिच्या तोंडाकडे आता सगळं घर बघत होतं. मी दिलासा द्यायला गेले नाही, आणि आज कुणी विचारलं तर त्याबद्दल मी माफीही मागणार नाही.

मग सुजाता आली. आईवर तिचा फार जीव, आणि तो जीव तिच्या हातात काठीसारखा असतो. येताच तिने आकडा विचारला, आकडा ऐकला, पदर खोचला आणि आईच्या पलंगाजवळ जाऊन म्हणाली, तोंड उघड. सासूबाईंना वाटलं घसा बघायचाय. त्यांनी तोंड उघडलं. लेकीने त्यांच्या तोंडाला नाक लावून वास घेतला.

"आंब्याचा वास येऊन राह्यला," ती म्हणाली. "काहून खोटं बोलतं माय?"

वास येत होता. मी स्वतः घेतला. गोडसर, पिकल्या फळाचा, जरासा आंबूस. नंतर अकोल्याच्या दवाखान्यात एका नर्सने सहज सांगितलं की साखर फारच चढली, औषध लागूच पडत नसलं, की श्वासालाच असा फळासारखा वास येतो. तो आजाराचाच वास. पण ते नंतर. त्या दुपारी पुढच्या खोलीत पलंगाभोवती आम्ही सगळे उभे, बाबांच्या हातात टॉर्च, आणि सासूबाईंचं तोंड अजून उघडंच. त्यांनी ते मिटलं. आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, खाल्ला असन बाप्पा एखादा. याद नाई.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आमच्या घरात संन्याशाने कंटाळून स्वतःच मान पुढे केली. त्या दिवसापासून घर शांत झालं. गुन्हा कबूल झाला की कचेरीतही कागद पुढे सरकतो. बाबांचा आवाज खाली आला, सुजाता आईला जवळ घेऊन रडली, आणि रात्री आम्ही सगळ्यांनी रस खाल्ला, पलंगापासून जरा दूर बसून.

शाळेला सुट्ट्या लागल्या आणि बुद्धपौर्णिमा आली. खिरीसाठी मी सकाळीच जास्तीचं दूध आणून, तापवून, निववून फ्रिजमध्ये ठेवलं. दुपारी सगळे कूलरसमोर निजले असताना मला मधेच जाग आली. दुधावर झाकण ठेवलं की नाही, ते आठवेना. मी उठून मधल्या खोलीत गेले. दार उघडलं तसा भट्टीचा झोत तोंडावर आला. वर तापलेला स्लॅब, खिडकी बंद. आणि समोर फ्रिज वीतभर उघडा. दारात अडकण म्हणून फडक्याची घडी नीट ठेवलेली. आत दिवा नाही, घुरघुर नाही. दुधाचं पातेलं हाताला कोमट लागलं. दाराच्या कप्प्यात इन्सुलिनची बाटली होती. ती मी मुठीत धरली, तर कुणाच्या अंगातून आत्ताच काढल्यासारखी गरम.

बाबांना उठवलं. ते डोळे चोळत आले आणि त्यांनी मला सगळं मन लावून समजावून सांगितलं. दुपारी फ्रिज कुणी उघडत नाही. आत असतं काय, चार लिंबं आणि हे औषध. रिकामी पेटी थंड ठेवायला लाइट कशाला जाळायचा? म्हणून जेवणं झाली की ते बटण बंद करायचे आणि संध्याकाळी चहाच्या वेळी लावायचे. बंद पेटीत वास धरतो, म्हणून दार उघडं. नवं मीटर आल्यापासून हेच चाललं होतं, आणि ठिपका आता दुपारी बराच मंदावतो, हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मी बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि लेबल वाचलं.

"तारीख बाकी हाय ना," ते म्हणाले. "मी तारीख पाह्यल्याबिगर टोचत नाई."

हीच ती चूक. चाळीसेक अंशांचं ऊन कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि तारीख लिहिलेली होती. ज्या माणसाने जन्मभर तारीख बघून अर्ज स्वीकारले आणि तारीख बघून परत केले, त्याच्या लेखी तारीख आहे तोवर औषध जिवंत. फ्रिजमध्ये ठेवा म्हटलं होतं, त्याने फ्रिजमध्ये ठेवलं. फ्रिज चालू ठेवा असं कुणी म्हटलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की तुम्ही इतके दिवस आईंना पाणी टोचत होता. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं, मला दिसलं ते. मग त्यांनी बटण लावलं, फडकं काढलं, दार बंद केलं आणि पुढच्या खोलीत जाऊन पुन्हा निजले. निदान आडवे तरी झाले.

संध्याकाळी मिलिंद नवी बाटली घेऊन आला. चारदोन दिवसांत मशीनवरचा आकडा उतरायला लागला. डॉक्टर खूश झाले. सासूबाईंच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, आता कसं, ऐकलं ना तोंडाने? सासूबाई हसल्या. आमच्यापैकी कुणी फ्रिजचं नाव काढलं नाही. मी मिलिंदकडे पाहिलं, त्याने जमिनीकडे. घरी आल्यावर मी त्याला म्हटलं की आईंना सांग. तो म्हणाला, सांगून पाय बरा होणार आहे का. तो त्याच्या बापाचा मुलगा आहे, जे आता उपयोगाचं नाही ते बंद करून टाकायचं.

पाय बरा झालाच नाही. साखर उतरली, पण विष तोवर घोट्यापर्यंत पोचलं होतं. अकोल्याला गुडघ्याच्या खालून पाय काढला. तो काढला त्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीतून अशी गरम हवा येत होती की सलाईनची बाटलीसुद्धा मला मुठीत धरून पाहावीशी वाटली. वॉर्डात लोक भेटायला येऊ लागले. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस बिस्किटाचा पुडा आणतो आणि बदल्यात निकाल देऊन जातो. प्रत्येकाचा निकाल एकच, जिभेवर ताबा पाहिजे. सुजाता डोळे पुसत प्रत्येकाला आंब्याची हकीकत सांगायची, तोंडाच्या वासासकट.

एका दुपारी, सुजाता, बाबा, मिलिंद सगळे असताना, मला ते सहन झालं नाही. सासूबाईंवर दया आली असं नाही, मला त्या खोट्याचाच वीट आला. मी सरळ सांगून टाकलं की आंबा कुणी खाल्ला नाही, फ्रिज बंद होता. इन्सुलिन उकडून गेलं होतं. वास आजाराचा होता. सुजाताने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू पाय मीच कापला. मिलिंद बाहेर गेला. बाबा उठले, चप्पल शोधू लागले, ती त्यांच्या पायातच होती, आणि तेही बाहेर गेले. सुजाता त्यांच्यामागे धावली.

मी आणि सासूबाई राहिलो. मला वाटलं त्या रडतील, शिव्या देतील, निदान माझा हात धरतील. त्यांनी चादर ओढून जिथे पाय नव्हता तिथवर नीट केली.

"मले माईत हाय," त्या म्हणाल्या. "मी काय भैरी हाय? रोज दुपारी तो फ्रिज गप होये. त्यानं औषध सडते हे नव्हतं माईत, ते तू दूध पाह्यलं त्या दिवशी समजलं. मधलं दार उघडं होतं तुमचं."

मी म्हटलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत.

"आंब्याचं नाव राहू दे. आंब्याले राग येत नाई. ह्या मानसाले आला, तं उद्या मले मोरीवर कोन नेईन? तू नेशीन?"

मी हो म्हणाले नाही. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, माझ्या तोंडाकडे बघत, आणि मग मान फिरवली. त्या हिशेबात तरबेज होत्या. जाळ किती शिल्लक आहे आणि त्यावर किती शिजेल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. माझ्यात शिजण्याइतकं काही शिल्लक नव्हतं, आणि ते कुणी संपवलं हेही त्यांना ठाऊक होतं.

तेव्हापासून आमच्या घरात फ्रिज रात्रंदिवस चालू असतो. त्याची भरपाई म्हणून कूलर संध्याकाळपर्यंत लावायचा नाही, असा बाबांचा नियम आहे. तुह्याच औषधासाठी फ्रिज चालते, मग एवढं उकडलं तं काय झालं, असं ते सासूबाईंना म्हणतात, आणि त्या हो म्हणतात. दुपारी बाबा पुठ्ठ्याने त्यांना वारा घालत बसतात. हात दुखेपर्यंत घालतात. मोरीवर नेतात, आणतात, केस विंचरतात, सुई टोचतात. मीटरखाली उभं राहणं मात्र सुटलेलं नाही. गल्लीतले लोक म्हणतात, बायकोची अशी सेवा करणारा माणूस पाहिला नाही. खरं आहे, मीही पाहिला नाही.

काल दुपारी रिठदहून सासूबाईंची चुलत जाऊ भेटायला आली. बऱ्याच वर्षांनी आली होती, तिला काही माहीत नव्हतं. पाय कशाने गेला म्हणून तिने विचारलं, आणि सासूबाईंनी गोष्ट सुरू केली. मी स्वयंपाकघरात चहा टाकत ऐकत होते. गोष्ट वर्षागणिक मोठी झाली आहे. आता एक आंबा नाही, आता माचच फस्त होतो. सगळे निजले की त्या कशा हळूच पलंगाखाली हात घालायच्या, आंबा कसा दाबून मऊ करायच्या, देठाशी तोंड लावून कसा चोखायच्या, रस कोपरापर्यंत कसा ओघळायचा आणि तो कसा चादरीलाच पुसायच्या. कोय कुठे लपवायची तेसुद्धा. ज्या बाईने त्या उन्हाळ्यात आंब्याला बोट लावलं नाही, ती हे सगळं इतकं चवीने सांगत होती की जाऊबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा बाबाही हसत होते. पुठ्ठा हलवत, मान डोलवत, जुनी ओळखीची गोष्ट ऐकावी तसे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. लपवल्याचं, ओशाळल्याचं काहीही तिथे नव्हतं. त्यांना ते सगळं खरंच वाटत होतं.

"मी तं तवाच सांगत होतो हिले," ते जाऊबाईंना म्हणाले, "आंबा खाऊ नको म्हून. ऐकलं नाई."

कूलर बंद होता. सासूबाईंच्या गळ्यावरून घाम उतरत होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि मग नवऱ्याकडे वळून दोन्ही हात पुढे केले.

"व्हय, सांगत होते तुमी," त्या म्हणाल्या. "उचला आता. मोरीवर जाचं हाय."